युनियन काढायची म्हणताय? आधी माणसं मोजा

वाचकांचे प्रश्न : कामाच्या ठिकाणचे हक्क

या वेळी पत्रं नेहमीपेक्षा जास्त आलीत आणि त्यातली निम्मी तरी युनियनबद्दल आहेत. कारण उघड आहे, २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रम संहिता लागू झाल्या आणि त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेने १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा (म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटी-नियमांचा) कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा असे तीन जुने कायदे एकदम बाजूला केले. व्हॉट्सअ‍ॅपवर मग काय वाट्टेल ते फिरतंय, "आता युनियन बंद झाली", "आता संप म्हणजे जेल". तर शांतपणे एकेक बघूया. सगळ्यांची नावं मुद्दाम काढून टाकलीत, गावाचं नाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : आमची कंपनी गाड्यांचे पार्ट बनवते. सगळे मिळून १४० कामगार आहोत. चार वर्षं पगारवाढ नाही, ओव्हरटाइम सिंगल रेटने. युनियन काढायचं चाललंय तर एचआरवाले एकेकाला केबिनमध्ये बोलावून सांगतात की नाव दिलंत तर गेटबाहेर. आम्ही सात जण पक्के आहोत, सात लागतात ना? (चाकण)

दादा, सात हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि त्यातच बरेच जण फसतात. अर्जावर सह्या करायला कमीत कमी सात जण लागतात हे बरोबर, पण २००१ च्या दुरुस्तीपासून आणखी एक अट आहे आणि ती नव्या संहितेतही आहे, की त्या आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद पाहिजेत, आणि सातपेक्षा कमी तर कधीच नाही. तुमच्याकडे १४० म्हणजे १० टक्के झाले १४. म्हणजे सात पक्के असून भागत नाही, १४ पाहिजेत. आणि मी म्हणेन १४ वर पण थांबू नका, कारण अर्ज दिल्यावर एचआर गप्प बसणार नाही, चार जणांकडून "माझा या युनियनशी संबंध नाही" असं लिहून घेणार. कायदा म्हणतो की अर्जदारांपैकी निम्म्यापर्यंत लोक मागे फिरले तरी तेवढ्यावरून अर्ज बाद होत नाही. म्हणजे सात जणांनीच सह्या केल्या आणि चार फुटले तर खेळ खलास, पण वीस जणांच्या सह्या असतील तर दहा फुटेपर्यंत अर्ज उभा राहतो. हे एक गणित जरी नीट डोक्यात घेतलंत तरी अर्धं काम झालं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. १९९४ साली मी पिंपरीत एका कारखान्यात पॅकिंगला होते, आम्ही पाच जणींनी एका कागदावर मागण्या लिहून सह्या करून साहेबाला नेऊन दिल्या, फक्त पाच जणींनी, कारण बाकीच्या म्हणाल्या तुम्ही पुढे व्हा आम्ही मागे आहोत. महिन्याभरात आम्ही पाचही बाहेर. मागे उभ्या असलेल्या बायका वाईट नव्हत्या हो, घाबरलेल्या होत्या आणि आम्ही त्यांना तयार व्हायला वेळच दिला नव्हता. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते, आधी माणसं मोजा मग कागद करा. लाइनवाइज, शिफ्टवाइज वही करा, कोण पक्का, कोण कच्चा, कोण साहेबाचा. हे सगळं कंपनीच्या कँटीनमध्ये नाही, बाहेर, कुणाच्या तरी खोलीवर. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करूच नका एवढ्यात, कारण त्याचा स्क्रीनशॉट साहेबाच्या मोबाइलवर जायला दोन मिनिटं पण लागत नाहीत.

माणसं जमली की मग मीटिंग घ्या, ठराव करा, नियमावली मंजूर करा, पदाधिकारी निवडा आणि हे सगळं इतिवृत्ताच्या वहीत लिहा. वर्गणी महिन्याला दहा रुपये ठेवा पण पावती फाडा, कारण उद्या सभासद किती हे सिद्ध करायची वेळ आली तर तोंडी कुणी ऐकत नाही, पावतीच बोलते. बाहेरचा नेता घ्यायचा का असंही विचारलंय तुम्ही. घ्या, अनुभवी माणूस कामाला येतो, पण संघटित क्षेत्रात बाहेरचे पदाधिकारी एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यातलं जे कमी तेवढेच चालतात आणि हा नियम मला मनापासून पटतो. युनियनच्या किल्ल्या तुमच्याकडेच राहिल्या पाहिजेत. मग अर्ज कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, तिथे ट्रेड युनियनचे निबंधक असतात. तिथे जो कागद द्याल त्याची पोच शिक्क्यासकट घ्या. तारीख आणि शिक्का नसलेला कागद म्हणजे दिलाच नाही असं समजा.

नोंदणीला वेळ लागला तर खचू नका. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदुरला सॅमसंगच्या कारखान्यात काय झालं बघा, युनियनच्या नावात कंपनीचं नाव आहे म्हणून कंपनीने हरकत घेतली, नोंदणी लटकली, सप्टेंबर २०२४ मध्ये कामगार संपावर गेले, ३७ दिवस संप चालला, प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं आणि शेवटी जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी मिळाली. तेवढ्या लोकांनी दम धरला म्हणून मिळाली.

आता एचआरच्या धमकीचं. युनियनमध्ये गेलात तर काढू, कंपनी बंद करू असं धमकावणं, युनियन उभी राहत असतानाच मुद्दाम पगारवाढ देऊन लोकांना फोडणं, मालकाने स्वतःच्या पैशाने पॉकेट युनियन काढणं, हे सगळं 'अनुचित कामगार प्रथा' म्हणून कायद्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्राने तर १९७१ सालीच यासाठी वेगळा कायदा केला होता. नव्या संहितेत यासाठी १० हजारापासून २ लाखापर्यंत दंड आहे. म्हणून केबिनमध्ये कोण काय बोललं ते त्याच दिवशी तारीख, वेळ, माणसाचं नाव घालून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं आणि त्याच दिवशी लिहिलेलं यात कोर्टाला फरक कळतो.

आणखी एक, जे बहुतेकांना माहीतच नसतं. नोंदणी झालेल्या युनियनच्या काही पदाधिकाऱ्यांना 'संरक्षित कामगार' म्हणून मान्यता मिळते, एकूण कामगारांच्या १ टक्का, पण किमान ५ आणि जास्तीत जास्त १००. तुमच्याकडे पाच जण होतील. वाद समेट अधिकाऱ्यापुढे (मालक-कामगारांत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) किंवा न्यायाधिकरणापुढे चालू असताना या पाच जणांना त्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय काढता येत नाही. ही नावं आपोआप होत नाहीत, युनियनने पत्र देऊन कळवावी लागतात. नोंदणी हातात आली की पहिलं पत्र हेच द्या. आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला पाहिजे, त्यासाठी युनियनची वाट बघायची गरज नाही, सॅलरी स्लिप जपून ठेवा आत्तापासून.

प्रश्न : आमच्याकडे नोंदणी झालेली युनियन आहे. मॅनेजमेंट बोलायलाच तयार नाही. पुढच्या सोमवारी सगळ्यांनी एकदम सीएल (किरकोळ रजा) टाकायची ठरलंय, म्हणजे संप पण नाही आणि काम पण बंद. चालेल ना? (नाशिक, अंबड एमआयडीसी)

नाही चालणार, आणि हे पत्र सोमवारच्या आधी तुमच्यापर्यंत पोहोचू दे एवढीच इच्छा आहे. नव्या संहितेत संपाची व्याख्याच वाढवलीय, ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी सीएल घेतली तर तो संपच धरला जातो. आणि नोटिशीशिवाय झालेला संप बेकायदेशीर, त्यात कामगाराला १ हजार ते १० हजार रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पूर्वी नोटिशीची ही सक्ती फक्त पाणी, वीज, रेल्वे असल्या सार्वजनिक सेवांना होती, आता सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना आहे.

नोटिशीबद्दल पण गैरसमज खूप आहे. सगळीकडे लिहून येतं "६० दिवस आधी नोटीस". कायद्याची भाषा नीट वाचा, संपाच्या आधीच्या ६० दिवसांच्या आत नोटीस दिलेली पाहिजे आणि नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही. म्हणजे आज नोटीस दिली तर पंधराव्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंतची खिडकी आहे. पण, आणि हा पण मोठा आहे, त्या १४ दिवसांत समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू झाली आणि ती चालू असेपर्यंत आणि संपल्यावर ७ दिवस संप करता येत नाही. प्रकरण न्यायाधिकरणात गेलं तर तिथली कार्यवाही संपून ६० दिवस होईपर्यंत नाही. म्हणजे कागदावर संपाचा हक्क आहे पण दार इतकं अरुंद केलंय की कायदेशीर संप करणं फार फार अवघड झालंय. मला हे चूक वाटतं, कामगाराकडे काम थांबवण्याशिवाय दुसरं वजन काय असतं? पण चूक वाटलं म्हणून तुम्हाला सोमवारी खड्ड्यात ढकलू शकत नाही.

तुमच्या पत्रात एका वाक्यात एक गोष्ट आलीय, की कंपनीत दुसरी पण एक युनियन आहे. खरा प्रश्न तिथे आहे. नव्या कायद्यात मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या युनियनला तिलाच मालकाने एकमेव वाटाघाटी करणारी युनियन म्हणून मान्यता द्यायची. कुणाकडेच ५१ नसतील तर ज्या युनियनकडे २० टक्के आहेत त्यांचे प्रतिनिधी घेऊन वाटाघाटी परिषद, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. तुमच्याकडचे जुने लोक ३० टक्के म्हणतील, तो महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातला मान्यतेचा आकडा. तेव्हा सोमवारची सीएल रद्द करा आणि तो आठवडा सभासद नोंदणीला लावा. ५१ टक्के सह्या टेबलावर ठेवल्या की मॅनेजमेंटला "तुम्ही कोण" असं विचारता येत नाही.

या आकड्याबद्दल मी एवढं का बोलते ते सांगते. माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार युनियनचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. पगार, बोनस या मागण्या तर होत्याच पण एक मोठी मागणी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा ही होती. त्या कायद्याप्रमाणे एका धंद्यात एकच 'प्रातिनिधिक' युनियन, बोलणी करायचा हक्क फक्त तिलाच, आणि मुंबईच्या कापड धंद्यात ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणजे माणसं एकीकडे आणि कायद्याच्या वहीतलं नाव दुसरीकडे. वडील गावी निघून आले, आईने शेतावर मजुरी केली, संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, आणि ते परत साच्यावर कधी उभे राहिले नाहीत. लहानपणी मला वाटायचं संप हरला म्हणजे माणसं कमी पडली असतील. माणसं कमी नव्हती, ती ज्या वहीत मोजायला पाहिजे होती त्या वहीत नव्हती. म्हणून म्हणते सभासद वही, पावती, मस्टर याला कारकुनी समजू नका.

प्रश्न : मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, हातात 'असिस्टंट मॅनेजर' असं लेटर आहे. आमच्याकडे जबरदस्तीने राजीनामे घेतायत. आयटीवाल्यांना युनियन करता येते का? मित्र म्हणतात आपण कामगार नाहीच. (पुणे)

करता येते. संघटना करायचा हक्क संविधानाच्या कलम १९(१)(c) मध्ये आहे आणि तो पांढऱ्या कॉलरला पण आहे. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. युनियनचा सभासद होण्यासाठी संहितेत कामगाराची व्याख्या मोठी आहे, धंद्यात किंवा उद्योगात नोकरी करणारे सगळे त्यात येतात. बँकेतल्या ऑफिसरांच्या संघटना इतकी वर्षं चालल्याच आहेत ना. बेंगळुरूत २०१७ मध्ये आयटीवाल्यांची युनियन झाली आणि २०२४ मध्ये कर्नाटकात १४ तासांच्या दिवसाचा प्रस्ताव आला तेव्हा त्याला विरोध करायला तीच रस्त्यावर होती.

दुसरी गोष्ट म्हणजे काढून टाकल्यावर औद्योगिक वाद नेता येतो का. तिथे व्याख्या लहान होते, मॅनेजरचं किंवा प्रशासकीय काम करणारे बाहेर, आणि सुपरवायझरचं काम असून पगार महिना १८ हजारांच्या वर असेल तरी बाहेर. पण तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. आणि लेटरवर काय छापलंय यापेक्षा तुम्ही दिवसभर करता काय हे बघितलं जातं. तुमच्या हाताखाली कुणी आहे का, रजा मंजूर करायचा अधिकार आहे का, कुणाला घ्यायचं काढायचं तुम्ही ठरवता का? का दिवसभर कोडच लिहिता? दुसरं असेल तर 'मॅनेजर' या शब्दाला घाबरू नका. राजीनामा स्वतःहून टाइप करून पाठवू नका, तो एकदा गेला की "मला काढलं" हे सिद्ध करणं फार कठीण. दबाव टाकला तर त्याच दिवशी स्वतःच्या पर्सनल मेलवरून एचआरला लिहा की आज मला राजीनामा द्यायला सांगितलं आणि मी दिलेला नाही. काढूनच टाकलं तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा, तिथे ४५ दिवसांत काही झालं नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, पण हे सगळं काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. पूर्वी तीन वर्षं होती, आता दोन.

प्रश्न : माझा मुलगा युनियनचा सेक्रेटरी झालाय. लोक सांगतात पोलिस केस होते, कट केला म्हणून आत टाकतात. मला झोप नाही. (इचलकरंजी)

काकी, तुमची भीती समजते, आणि ही भीती खरी होती असा एक काळ होताच. १९१८ मध्ये मद्रासला बी. पी. वाडिया यांनी गिरणी कामगारांची युनियन काढली, तर बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिलच्या मालकांनी त्यांच्यावर कोर्टात दावा लावला आणि कोर्टाने त्यांना मनाई केली. संघटना करणं म्हणजेच गुन्हा अशी अवस्था. त्यावर १९२१ मध्ये मध्यवर्ती विधानसभेत ठराव मांडला तो आपल्या रायगडातल्या गोरेगावच्या नारायण मल्हार जोशींनी, आणि त्यातून १९२६ चा कायदा आला. त्याच्यात स्पष्ट लिहिलं की युनियनच्या कामासाठी पदाधिकाऱ्यांनी आपसात ठरवून काही केलं तर त्याला गुन्हेगारी कट म्हणता येणार नाही, आणि संपामुळे मालकाचं नुकसान झालं म्हणून भरपाईचा दावाही लावता येणार नाही. ते संरक्षण नव्या संहितेतही ठेवलंय. फक्त मारामारी, तोडफोड, धमकी याला ते लागू नाही. मुलाला एवढं सांगा की गेटवर कुणी कितीही चिथावलं तरी हात उचलायचा नाही आणि युनियनचा पैसा स्वतःच्या खात्यात ठेवायचा नाही. बाकी त्याच्यावर भरवसा ठेवा, चाळीस-पन्नास घरांनी त्याच्यावर ठेवलाच आहे.

प्रश्न : आम्ही बाया भंगार, कचरा गोळा करतो. आमचा मालकच नाही, मग युनियन कुणाविरुद्ध? (सोलापूर, मुलीकडून लिहून घेतलंय)

ताई, युनियन कुणाविरुद्ध असायलाच पाहिजे असं नाही, कुणासाठी तरी असली की झालं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, तुमच्यासारख्याच बायांची, आणि ती नोंदलेली ट्रेड युनियन आहे. ओळखपत्र मिळवणं, महापालिकेशी बोलणं ही कामं एकेकटीने होत नव्हती ती त्यांनी मिळून केली. त्याच्याही आधी बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, आणि अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. आज या दुकानात उद्या त्या दुकानात ओझं उचलणाऱ्या माणसाला कुठला एक मालक होता? तुमच्यासारख्या असंघटित कामगारांच्या युनियनमध्ये बाहेरच्या पदाधिकाऱ्यांना जास्त मोकळीक आहे, निम्मे पदाधिकारी काम करणारे असले की बास, म्हणजे लिहिता-वाचता येणारी तुमची मुलगी सुद्धा चिटणीस होऊ शकते.

प्रश्न : मी लहान कारखानदार आहे, २२ कामगार. सगळे माझ्या घरच्यासारखे. आता ऐकतोय युनियन येणार. मी काय करावं? (सातारा)

पहिलं म्हणजे कोण पुढारी आहे ते शोधत फिरू नका, तेच बेकायदेशीर होतं. आणि भाऊ, घरच्यासारखे आहेत हे तुम्ही म्हणताय, ते काय म्हणतात हे विचारलंत का कधी? युनियनशी लेखी करार झाला की तीन वर्षं पगाराचा विषय ठरलेला असतो, रोज एक जण येऊन उचल मागतोय आणि दुसरा रुसलाय असं होत नाही. माझ्या ओळखीचे दोन-तीन कारखानदार हेच सांगतात.

दुसरं, २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती करावीच लागते, तुमच्याकडे २२ आहेत म्हणजे युनियन येवो न येवो समिती पाहिजेच. मालक आणि कामगार दोन्हीकडचे सारखे सभासद, एकूण दहापेक्षा जास्त नाही, अध्यक्षपद आलटून पालटून. तुमच्याकडे बायका कामाला असतील तर त्यांच्या प्रमाणात त्यांना जागा द्यायची. कामगारांचे प्रतिनिधी तुम्ही नेमू नका, त्यांना निवडू द्या, आणि नावं गेटजवळच्या बोर्डावर मराठीत लावा.